पहिला ट्रॅक डे आणि एम३४०आय: लिमिट कुठून शोधायला सुरुवात करायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बीएमडब्ल्यू एम३४०आय घेऊन आठ महिने झाले, ताम्हिणी आणि वरंध करून झाले, आता चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पहिला ट्रॅक डे, म्हणजे स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस, बुक केलाय. गाडीच्या हँडलिंगचं लिमिट तिथे स्वतः तपासून बघायचंय. एक मित्र म्हणतो, डीएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) बंद केल्याशिवाय लिमिट कळतच नाही. दुसरा म्हणतो, आधी गाडी खाली आणणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग टाक. आणि लॅप टाइम, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा वेळ, किती आला की लिमिटपर्यंत गेलो असं समजायचं, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

माझं म्हणाल तर नोकरीची बरीच वर्षं चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या राइड-हँडलिंग टेस्टिंगमध्ये गेली, आणि आता ट्रॅक डेला शेजारच्या सीटवर बसून लोकांना शिकवतो. उत्तर लांबणार आहे. डीएससी, स्प्रिंग आणि लॅप टाइम या तिन्हीकडे शेवटी येतोच, पण त्याआधीचं समजलं नाही तर त्या तिन्ही उत्तरांचा उपयोग नाही.

‘गाडीचं लिमिट’ म्हणताना आपण चार वेगळ्या गोष्टी एकत्र करतो: टायरची पकड, ब्रेकची उष्णता झेलायची ताकद, इलेक्ट्रॉनिक्स मध्ये पडतं ती जागा, आणि ड्रायव्हरचं स्वतःचं लिमिट. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी येतं ते ड्रायव्हरचं. मग ब्रेकचं. टायरचं त्यानंतर. संध्याकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत, चहा घेताना लोक ‘गाडीचं लिमिट कळलं’ म्हणून जे सांगतात, ते बहुतेक वेळा यातलं पहिलं किंवा दुसरं असतं. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा घेतो: आत्ता यातलं कुठलं लिमिट लागलं हे सीटवर बसून कसं ओळखायचं, आणि टायरच्या लिमिटजवळ ठरवून, पुन्हा पुन्हा कसं जायचं. चुकून एकदा पोचलात आणि गाडी गवतात गेली, तर त्यातून हाती काही लागत नाही. कुठे चुकलं हेही सांगता येत नाही.

कंपन्या हे कसं मोजतात ते बघा, कारण पद्धत तिथूनच उचलायची आहे. सगळ्यात साधी टेस्ट म्हणजे ठरलेल्या त्रिज्येच्या गोलावर गाडी फिरवायची. आयएसओ ४१३८ या मानकात ती दिलेली आहे, नेहमीची त्रिज्या १०० मीटर. इंदूरजवळ पिथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये अशा कामासाठी मोठा मोकळा, सपाट प्लॅटफॉर्म आहे. गाडी घसरली तरी आपटायला काही नाही. हळू सुरुवात करायची, वेग अगदी सावकाश चढवायचा, आणि तोच गोल धरून ठेवायला स्टिअरिंग किती जास्त वळवावं लागतं ते नोंदवत जायचं. चांगल्या रोड टायरला कोरड्या डांबरावर ०.९५ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९५ पट बाजूचा जोर) मिळतात असं धरलं, तर १०० मीटरच्या गोलावर वेग येतो साधारण ११० किलोमीटर. त्रिज्या ३० मीटर असेल तर तीच पकड ६० लाच संपते.

०.३ ते ०.४ जीपर्यंत सगळं सरळ प्रमाणात चालतं: जेवढं वळवाल तेवढी गाडी वळते. रोजच्या रस्त्यावर आपण जवळजवळ पूर्ण वेळ याच पट्ट्यात असतो, घाटातसुद्धा, कितीही वाटलं तरी. पुढे आलेख वाकायला लागतो. वेग थोडासाच वाढतो, पण गाडी स्टिअरिंग बरंच जास्त मागते. शेवटी अशी जागा येते की आणखी वळवलं तरी गाडी ऐकत नाही, नाक सरळ सरकतं. तो अंडरस्टिअर. जवळजवळ सगळ्या रोड कार मुद्दाम अशा सेट केलेल्या असतात, कारण घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. अंडरस्टिअर होत असताना पाय उचलला तर वजन पुढे येतं, पुढचे टायर पुन्हा चावतात, गाडी वळते. ओव्हरस्टिअरमध्ये, म्हणजे मागचे टायर आधी सुटतात तेव्हा, तेच केलं तर मागचा भाग आणखी हलका होतो आणि गाडी गिरकी घेते.

या टेस्टमधून घ्यायचं ते एवढंच: लिमिटकडे खालच्या बाजूने जायचं, छोट्या पायऱ्यांनी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ट्रॅकवर तुम्हाला गोल मिळणार नाही, पण एक कॉर्नर मिळेल. त्याच्याकडे येतो. आधी परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बघू.

एम३४०आयचं लिमिट असा एक आकडा नसतो. सकाळी नऊच्या सेशनला, अमुक टायरवर, अमुक हवेवर, टाकीत एवढं पेट्रोल असताना, असं सगळं मिळून एक लिमिट असतं आणि दुपारी दोनला ते बदललेलं असतं. मद्रासला उन्हात डांबर इतकं तापतं की अनवाणी उभं राहवत नाही. रोड टायरला पहिले दोन-तीन लॅप पकड वाढत जाते, मग थोडा वेळ उत्तम, आणि सहाव्या-सातव्या लॅपनंतर तो तेलकट झाल्यासारखा सरकायला लागतो. ट्रॅकची ठरलेली लाइन सोडून मीटर-दोन मीटर बाहेर गेलात तर धूळ आणि टायरच्या रबराचे गोळे, पकड एकदम कमी. टायर चार वर्षं जुने असतील तर नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेलं असतं. म्हणून ‘माझ्या गाडीला किती स्पीडला तो कॉर्नर घेता येईल?’ या प्रश्नाचं उत्तर मी कुणालाच देत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

टायरची हवा हा मात्र तुमच्या हातातला भाग आहे आणि त्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सकाळी गाडी हलवायच्या आधी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा आणि चारही आकडे वहीत लिहा. गेज स्वतःचं न्या, पेट्रोल पंपावरच्याचा भरवसा नको. पहिलं सेशन झाल्यावर पिटमध्ये थांबलात की लगेच पुन्हा मोजा. सहा ते आठ पीएसआय वाढलेले दिसतील, उजव्या आणि डाव्या बाजूला वेगवेगळे. हवा जास्त झाली की टायर मध्यभागी फुगतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा कमी होतो. गरम असतानाच थोडी सोडा. या वजनाच्या सेडानला मी पुढे गरम ३६ ते ३८ पीएसआयपासून सुरुवात करतो, आणि मग टायरलाच विचारतो. कसं? टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूने तीन-चार जागी आडव्या रेघा मारा. बऱ्याच टायरवर तिथे एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. सेशननंतर बघा: खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर बरोबर. त्रिकोणाच्या खाली, भिंतीवर पुसला गेला असेल तर टायर कॉर्नरमध्ये आडवा लोळतोय, हवा कमी आहे किंवा तुम्ही स्टिअरिंग नको तेवढं वळवताय. त्रिकोणापर्यंत आलाच नसेल तर हवा जास्त आहे किंवा तुम्ही अजून बरेच सावकाश आहात. दहा रुपयांच्या खडूइतकी खरी माहिती अनेकदा हजारोंच्या ॲपमधून मिळत नाही.

आता ब्रेक. गाडी आणि तुम्ही मिळून १,८०० किलो धरा. १८० वरून ८० वर एकदा ब्रेक मारलात की सुमारे १८ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते, त्यातली बरीचशी पुढच्या दोन डिस्कमध्ये. ढोबळ हिशेबाने प्रत्येक जोरदार ब्रेकिंगला डिस्क शंभरेक अंशांनी तापते, आणि पूर्ण थंड व्हायच्या आत पुढचा कॉर्नर येतो. घाटात कितीही दामटलीत तरी हे होत नाही. ब्रेक ऑइल ताजं असलं पाहिजे, यात तडजोड नको. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश, पण हवेतली आर्द्रता शोषून ते जुनं झालं की मानकातली किमान मर्यादा १५५ वर येते. ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. पॅड तापून निकामी झाले तर उलट होतं: पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. दोन्ही ओळखता आलं पाहिजे. यातलं काहीही जाणवलं की तो लॅप शांतपणे पूर्ण करून पिटमध्ये या, आणखी एक लॅप बघू असं नको. प्रत्येक सेशनचा शेवटचा लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता चालवा. थांबल्यावर पार्किंग ब्रेक लावू नका, गाडी ‘पी’मध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.

एवढं झाल्यावर मूळ विषय, कॉर्नर.

मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, बारा कॉर्नरचा. मुख्य सरळ पट्टा संपल्यावर येणारा सी-१, म्हणजे पहिला कॉर्नर, हा वेगवान उजवा आहे आणि सगळ्यांना लिमिट तिथेच शोधायचं असतं. तिथे शोधू नका. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ७० ला केलेली चूक म्हणजे गाडी दोन मीटर बाहेर जाते, १५० ला केलेली तीच चूक चौपटीहून महाग पडते. इन्स्ट्रक्टरला विचारून असा कॉर्नर निवडा जो सावकाश आहे, लांब आहे, आणि ज्याच्या बाहेर भरपूर मोकळी जागा आहे. लांब अशासाठी की गाडी वळणात दोन-तीन सेकंद स्थिर राहिली पाहिजे, तरच काही जाणवायला वेळ मिळतो. आखूड कॉर्नरमध्ये ब्रेकिंग, वळण आणि बाहेर पडणं एकमेकांत मिसळतं.

बाकीचा ट्रॅक सत्तर टक्क्यांवर चालवा. फक्त या एका कॉर्नरला प्रयोग करा. ब्रेकिंग सरळ रेषेत पूर्ण संपवा, आणि दर वेळी त्याच खुणेपाशी सुरू करा. बदलायचा तो फक्त वळणात शिरतानाचा वेग, तोही प्रत्येक लॅपला दोन-तीन किलोमीटरने. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर एका जागी धरून ठेवा, वेग कायम राहील इतपतच. थोडक्यात, १०० मीटरच्या गोलाचा एक तुकडा तुम्ही तयार करताय.

स्टिअरिंगच्या बरोबर वरच्या बिंदूवर रंगीत चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. मी सगळ्या विद्यार्थ्यांना लावायला लावतो. शेजारी बसून मला तो तुकडाच बघायचा असतो. पहिल्या लॅपला त्या कॉर्नरमध्ये तुकडा घड्याळात दोन वाजतात तिथे असतो. वेग वाढत जातो तसा तो अडीचला येतो, मग तीनला. पुढच्या लॅपला तुकडा चारवर जातो, टायरची शीळ वाढते, आणि गाडी मात्र होती त्याच वाटेने जात राहते. ड्रायव्हर म्हणतो, ‘अजून वळत नाहीये, आणखी वळवतो.’ खरं घोडं इथेच पेंड खातं. टायर विशिष्ट कोनापर्यंतच जास्तीत जास्त पकड देतो. त्यापलीकडे वळवलं तर पकड वाढत नाही, उलट कमी होते, आणि टायर नुसता घासला जातो. चारवरून तुकडा परत तीनवर आणा. स्टिअरिंग थोडं सरळ केल्यावर गाडी जास्त वळते, हे पहिल्यांदा अनुभवणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. तुमच्या टायरचं लिमिट त्या अडीच आणि साडेतीनच्या मध्ये आहे. हा पट्टा सापडला म्हणजे दिवसाचं मुख्य काम झालं.

लिमिट जवळ आल्याच्या खुणा एकामागून एक येतात. आधी आवाज: गुणगुण, मग शीळ, मग घासल्याचा खरबरीत आवाज. शीळ असेपर्यंत ठीक आहे, खरखर ऐकू आली म्हणजे पलीकडे गेलात. दुसरी खूण हातात येते. वळणात स्टिअरिंगला सरळ व्हायची ओढ असते. पकड संपायच्या जरा आधीच ही ओढ कमी होते आणि स्टिअरिंग हलकं लागतं. तुमच्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असल्याने हे थोडं पुसट येतं, स्पोर्ट मोडमधल्या कृत्रिम जडपणाने आणखी पुसट. म्हणून एक-दोन सेशन स्टिअरिंग कम्फर्ट सेटिंगवर ठेवून बघा. पोरांना हे पटत नाही, पण माझं मत तेच आहे. तिसरी खूण कमरेत. मागचे टायर सुटायला लागले की ते हाताआधी सीटमधून कळतं. त्यासाठी सीटवर घट्ट बसलेलं असलं पाहिजे: पाठ पूर्ण टेकलेली, हात लांब करून मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल इतकी सीट जवळ.

पट्टा सापडला की दुसरा प्रयोग. तोच कॉर्नर, तोच वेग, लिमिटच्या थोडं खाली. वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर किंचित सोडा, अगदी पायाचा अंगठा उचलावा एवढंच. नाक आत येईल. पुन्हा किंचित द्या, नाक बाहेर जाईल. स्टिअरिंग न हलवता गाडीची वाट पायाने बदलता येते, हे इथे शिकायचं. पाय झटकन काढू नका. ०.९५ जीला वळताना आतल्या चाकांवरचं सुमारे साडेपाचशे किलो वजन बाहेरच्या चाकांवर गेलेलं असतं, आणि अशा वेळी पाय एकदम उचलला की मागच्या टायरवरचा भारही कमी होतो. कंपन्यांच्या टेस्टमध्ये पाय उचलण्याचा असा वेगळा प्रयोग असतो, आणि मूस टेस्ट म्हणून लोकांना माहीत असलेल्या लेनबदलाच्या टेस्टमध्येही पट्ट्यात शिरताच ॲक्सिलरेटर सोडायचा असतो, ते याचमुळे. गाडी खरी कशी आहे ते स्थिर वळणापेक्षा अशा बदलात जास्त दिसतं.

तुमच्या गाडीचा स्वभाव मला असा दिसतो. वजन पावणेदोन टनांच्या आसपास, पुढे लांबलचक सहा सिलिंडरचं इंजिन, पुढचे टायर २२५ आणि मागचे २५५. त्यामुळे वळणात जास्त वेगाने शिरलात तर पुढचे टायर आधी हार मानतात, आणि नवखा माणूस ‘एक्सड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी प्रणाली) आहे म्हणून अंडरस्टिअर करते’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. दोष एक्सड्राइव्हचा नसतो. वेग वीस किलोमीटरने जास्त असतो, किंवा ब्रेक अजून पूर्ण दाबलेला असतानाच स्टिअरिंग वळवलेलं असतं आणि पुढच्या टायरकडून दोन्ही कामं एकदम मागितलेली असतात. बाहेर पडताना चित्र उलटं. ही प्रणाली ताकद मुख्यतः मागे पाठवते, मागे दोन चाकांत ताकद वाटणारं एम स्पोर्ट डिफरन्शियल आहे आणि टॉर्क ५०० एनएम. स्टिअरिंग थोडं सरळ झाल्यावर ॲक्सिलरेटर दिलात तर मागचा भाग हलकासा बाहेर येऊन गाडी पुढे ओढली जाते. शिरताना संयम, निघताना मजा, अशी ही गाडी आहे. ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरायचं तंत्र, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, तिला फार मानवतं. पण ते दुसऱ्या ट्रॅक डेचं काम. पहिल्याच दिवशी केलंत तर कुठल्या कारणाने काय झालं ते वेगळं काढता येणार नाही.

म्हणजे पहिल्या दिवसाचा क्रम साधारण असा होतो. पहिलं सेशन लाइन, फ्लॅग आणि मार्शलच्या जागा ओळखण्यासाठी आणि हवा लावण्यासाठी. दुसरं ब्रेकिंगच्या खुणा पक्क्या करण्यासाठी. त्यानंतर एक कॉर्नर आणि चिकटपट्टी. शेवटच्या सेशनला माणूस थकलेला असतो आणि आत्मविश्वास सर्वात जास्त असतो. ते सेशन मी सरळ सोडून द्यायला सांगतो, किंवा सत्तर टक्क्यांवर चालवायला. पैसे भरलेत हे मान्य, तरीही.

आता डीएससी. मित्राचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. पूर्ण चालू असताना डीएससी लिमिटच्या आधीच मध्ये पडतं हे खरं. पण मध्ये पडतं तेव्हा डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकतो, आणि पहिल्या दिवशी तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं मोजमापाचं साधन तेच आहे. स्टिअरिंगवरून तुम्ही गाडीकडे काय मागितलं ते आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय ते, यात तफावत दिसली की डीएससी एखाद्या चाकाचा ब्रेक लावतं किंवा इंजिनची ताकद कमी करतं. म्हणजे दिवा लागला तिथे तुम्ही काहीतरी जास्त मागितलं होतं. सेशन झाल्यावर इन्स्ट्रक्टरला सांगा कुठल्या कॉर्नरला, कुठल्या क्षणी लागला. तोच वेग ठेवून दिवा न लागता तो कॉर्नर निघू लागला, म्हणजे तुमच्यात सुधारणा झाली. मग स्पोर्ट प्लसमध्ये जा. त्यात डीटीसी, म्हणजे थोडी सैल सोडलेली पायरी, चालू होते. बटण दाबून धरून पूर्ण बंद करायचं ते ओल्या स्किड पॅडवर (मुद्दाम गाडी घसरवून बघायची सपाट जागा) किंवा मोकळ्या मैदानात शंकू लावून, शेजारी शिकवणारा असताना. काही आयोजक पॅडॉकमध्ये अशी सोय करतात. असेल तर ट्रॅकवरच्या एका सेशनपेक्षा ती आधी पदरात पाडून घ्या. आणखी एक: डीएससी सतत काम करत राहिलं तर मागचे ब्रेकही तापतात. बाहेर पडताना चिडून ॲक्सिलरेटर दाबून धरणाऱ्याला हे दुपारी कळतं.

लॅप टाइमचं उत्तर सोपं आहे, बघूच नका. पहिल्या दिवशी तुमचा वेळ मुख्यतः सरळ पट्ट्यावर किती उशिरा ब्रेक मारला याने आणि पुढे किती गाड्या आडव्या आल्या याने ठरतो. हँडलिंगबद्दल त्यातून फार थोडं कळतं. नोंदवायचंच असेल तर निवडलेल्या कॉर्नरमधला सर्वात कमी वेग नोंदवा, आणि सलग चार-पाच लॅपला तो किती सारखा येतो ते बघा. दोन किलोमीटरच्या आत येत असेल तर हात बसलाय. ७२, ८१, ७०, ७७ असं येत असेल तर त्यातलं ८१ म्हणजे लिमिट नव्हे, योगायोग आहे. मोबाइलचा जीपीएस यासाठी चालत नाही. सेकंदाला एकदा जागा घेतो, आणि १५० च्या वेगाला सेकंदात गाडी जवळजवळ ४२ मीटर जाते. सेकंदाला दहा नोंदी घेणारा छोटा लॉगर भाड्याने किंवा मित्राकडून मिळाला तर घ्या.

लोअरिंग स्प्रिंग टाकू नका. निदान आत्ता तरी. गाडी खाली आणली की सस्पेन्शनला दबायला जागा कमी उरते, आणि वळणात बाहेरच्या बाजूला ते बंप स्टॉपच्या, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल जिथे संपते तिथल्या, रबरावर टेकतं. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो आणि पकड झटक्यात सुटते. आज गाडी सांगून सुटते, मग न सांगता सुटेल. कंपनीच्या डॅम्परला त्या स्प्रिंगचा हिशेब माहीत नसतो हे वेगळंच. पैसे खर्च करायचेच असतील तर ताजं ब्रेक ऑइल, चांगले पॅड आणि टायर, याच क्रमाने.

बाकीचं भराभर. हेल्मेट स्वतःचं आणा, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घाला. डिकी रिकामी करा, फ्लोअर मॅट काढा, टोइंग हुक सापडतोय ना ते आदल्या दिवशीच बघा. विम्याची पॉलिसी वाचा: आपल्याकडच्या नेहमीच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये संघटित रेसिंग, पेस मेकिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपल्या खिशातून, असं धरूनच निघा.

आणि परतीचा विचार जाण्याआधी करा. पुण्यात वाकडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ थेट इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅकच्या जवळ पोचतो हे छानच, पण त्याच टायरवर अकराशे-बाराशे किलोमीटर परत यायचंय. सेशनमध्ये गरम असताना हवा सोडलेली असते. टायर थंड झाले की ती स्टिकरवरच्या आकड्याच्या बरीच खाली गेलेली दिसेल. ती भरल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्यावरून आणि आतल्या बाजूनेही हात फिरवून बघा, कुठे तुकडे निघालेत का, तार दिसतेय का. पुढच्या पॅडची जाडी बघा. शक्य असेल तर त्याच संध्याकाळी न निघता मुक्काम करा.

जाऊन आलात की चारही टायरचे थंड-गरम आकडे, खडूच्या रेघांचे फोटो आणि पुढच्या टायरच्या बाहेरच्या खांद्याचा जवळून काढलेला एक फोटो इथे टाका. खांदा नक्षीच्या मानाने जास्त झिजला असेल तर अलाइनमेंटमध्ये कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किती मिळू शकतो, त्याबद्दल तेव्हा बोलू.